सायकलचा वाद मिटला, पण कुणाच्या लेखी?

माझ्या विषयात एक पुस्तक असं आहे की ते वाचल्याशिवाय तोंडी परीक्षेला जाऊच नये. वीबे बायकर या डच अभ्यासकाचं हे पुस्तक १९९५ साली आलं. सायकल, बेकेलाइट नावाचं जुनं प्लॅस्टिक आणि विजेचे दिवे, अशा तीन वस्तू घेऊन तो सांगतो की कुठलीही वस्तू आजच्या आकाराला आपोआप येत नाही. माणसं भांडूनतंटून, एकमेकांची समजूत घालून तिला त्या आकाराला आणतात. मी पीएचडीला लागले ती बरीचशी या पुस्तकाच्या जोरावर. मला ते आवडतं, हे आधीच सांगून टाकते. कारण आज मी त्याच्याशी भांडणार आहे, आणि भांडायला तुम्हाला कंधारला घेऊन जाणार आहे.

आधी त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्या, म्हणजे मी सोयीचं तेवढंच सांगितलं असं व्हायला नको. १८७० च्या दशकात इंग्लंडात पुढचं चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच असलेली सायकल होती. धाडसी तरुणांना ती मर्दुमकीची वस्तू वाटायची. वयस्कर माणसांना आणि पायघोळ झगे घालणाऱ्या बायकांना ते हातपाय मोडायचं यंत्र वाटायचं. वस्तू एकच, पण दोन गटांच्या लेखी दोन वेगळ्या. बायकर आणि त्याचा सहकारी ट्रेव्हर पिंच यांनी १९८४ च्या एका निबंधात या गोष्टीला नाव दिलं. मराठीत आपण तिला 'अर्थाची लवचिकता' म्हणू. ज्यांच्या लेखी वस्तूला काही एक अर्थ आहे, ते 'संबंधित गट'. पुढे १८८५ ला स्टार्लीची रोव्हर आली: दोन्ही चाकं जवळजवळ सारखी, साखळी मागच्या चाकाला. १८८८ ला डनलॉपने हवेचं टायर आणलं, ते धक्के कमी बसावेत म्हणून. शर्यतवाल्यांना त्याचं हसू आलं. मग त्याच टायरच्या सायकली शर्यती जिंकायला लागल्या आणि हसणारे गप्प झाले. होता होता सगळ्या गटांचं एकमत झालं की सायकल म्हणजे हीच. याला बायकर 'वाद मिटणं' म्हणतो.

तुमच्या घरामागे भिंतीला टेकवलेली जुनी ॲटलस किंवा हिरो असेल तर जाऊन बघा. मिटलेला वाद म्हणजे ती.

आता बघायला गेलाच आहात तर तिच्या नळ्यांकडे बघा. सांगाड्यात दोन त्रिकोण आहेत आणि मुख्य नळ्या सरळ आहेत. वाकलेलं काय, तर हँडल, पुढचा चिमटा आणि मागे कुठे किंचित. याला कारण आहे. त्रिकोणातल्या सरळ नळीवर येणारा जोर मुख्यतः तिच्या लांबीच्या दिशेने येतो, ती दाबली जाते नाहीतर ताणली जाते. पातळ नळी हे छान सोसते. तीच नळी मधे वाकवली की येणारा जोर तिला आणखी वाकवू बघतो, आणि तेवढ्याच ताकदीला जाड, जड नळी लागते. गिऱ्हाइकाच्या मापाची एकेक सायकल हाताने बांधून देणारे कारागीर जगभर आहेत. तेसुद्धा सांगाड्यातली नळी वाकवायच्या आधी दहा वेळा विचार करतात.

तरी नळी वाकवली जाते, आणि ती बहुतेक वेळा माणसासाठी. लेडीज सायकल आठवा. वरची आडवी नळी खाली उतरवलेली, काही सायकलींत तर कमानीसारखी वळवलेली. झगा, साडी, परकर यांना वाट हवी म्हणून. त्यात सांगाडा जड होतो, थोडा लेचापेचाही होतो, पण तो तोटा पत्करला गेला. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली मराठवाड्यात शाळांपुढे रांगेने उभ्या असतात, त्या याच घराण्यातल्या. म्हणजे वाद मिटला असं ज्या काळाबद्दल म्हणतात, तेव्हापासून आजपर्यंत सायकलचे सांगाडे दोन आहेत. हा माझा पहिला आक्षेप. पण तो किरकोळ आहे. बायकर म्हणेल, 'दोन तर दोन, दोन्ही मिटलेच ना?' ठीक आहे. चला कंधारला.

कंधार म्हटलं की बाहेरच्या लोकांना १९९९ चं विमान आठवतं. ते कंदहार, अफगाणिस्तानातलं. आमचं कंधार नांदेड जिल्ह्यातलं, मन्याडच्या खोऱ्यातलं, पाण्याच्या खंदकाने वेढलेल्या भुईकोट किल्ल्याचं. हे मला प्रत्येक परिषदेत सांगावं लागतं. असो.

बायकरच्या पुस्तकात एकोणिसावं शतक संपायच्या आत मिटलेला वाद आमच्याकडे दर पावसाळ्याच्या तोंडाला उघडतो. सोयाबीन उगवलं, पंधरा-वीस दिवसांत तण वर आलं, की वेल्डिंगच्या दुकानांपुढे जुन्या सायकलींची पुढची चाकं येऊन पडतात. सायकल कोळपं पाहिलं नसेल तर सांगते. सायकलचं एक चाक पुढे. त्याच्या आसापासून दोन नळ्या मागे येतात आणि वर वळून हँडल होतात. चाकाच्या मागे, जमिनीलगत, कोळप्याची पास नाहीतर फणं. माणूस मागे उभा राहून ढकलतो, मागे ओढतो, पुन्हा ढकलतो. दोन ओळींतलं तण मुळासकट निघतं. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांच्या 'कृषिराजा' या सायकल कोळप्याची नोंद राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने घेतली. आज असली कोळपी गावोगावचे वेल्डर आपापल्या पद्धतीने करतात.

या नोंदीबद्दल दोन शब्द, कारण माझ्या क्षेत्रात तिची टिंगल करायची फॅशन आहे. नोंद घेणाऱ्यांमागे अनिल गुप्तांच्या 'हनी बी' चळवळीचा विचार आहे, की गावातल्या माणसाचं ज्ञान घ्यायचं तर त्याचं नावही घ्यायचं. हा विचार मला पटतो. शंभर वर्षं आपल्याकडचे कारागीर सरकारी अहवालांत 'एक लोहार' म्हणून आले, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. माझी अडचण नोंदीच्या साच्याशी आहे. त्या साच्यात एक संशोधक बसतो, एक वस्तू बसते आणि एक फायदा बसतो. फायदा कोणता, तर 'बैलाची गरज नाही'.

हे वाक्य मी माझ्या प्रबंधाच्या आराखड्यातही लिहिलं होतं. गाईडने विचारलं, 'तुझे संबंधित गट कोणते?' मी लिहिलं, 'शेतकरी (अल्पभूधारक)'. एक शब्द आणि एक कंस. गाईडने पुढे काही विचारलं नाही, मीही नाही.

आमच्या घरचे बैल विकले त्याला बरीच वर्षं झाली. चारा परवडेना, सालगडी मिळेना. त्यानंतर कोळपं आलं. ते बाबांनी विकत आणलं, बाबांच्या नावावर शेत आहे, अनुदानाचे कागद बाबांच्या नावाचे असतात. ढकलते माय. म्हणजे 'बैलाची गरज नाही' या वाक्याचा पूर्ण अर्थ आमच्या शेतात असा होतो, की बैलाच्या जागी माय आहे. हे मला घरात वाढून दिसलं नव्हतं. दिसलं ते एका वेल्डिंगच्या दुकानात.

मी तिथे मुलाखतीला गेले होते, वही आणि रेकॉर्डर घेऊन. दुकान चालवणाऱ्या चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं. घरी कोळपं आहे आणि त्याचा दांडा वाकून चिरलाय, हे मी बोलता बोलता सांगितलं. त्यांनी विचारलं, 'ढकलणार कोण हाय?'

मी म्हटलं, 'माय.'

'मंग बाबाच्या मापाचा दांडा कशाला बसविलाव? मायला घेऊन ये.'

बघा हं. पुस्तकाने मला 'गट' शोधायला शिकवलं होतं. या माणसाने गट नाही विचारला, माणूस विचारला. आणि तो भावनेच्या भरात विचारत नव्हता, त्याला नळी कुठे वाकवायची ते ठरवायचं होतं.

हा हिशेब तुम्हालाही करता येईल. उभ्या माणसाचं कोपर जमिनीपासून त्याच्या उंचीच्या साधारण ६३ टक्क्यांवर असतं. १६८ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं कोपर आलं १०६ सेंटिमीटरवर. माय १४८ ची, तिचं आलं ९३ वर. फरक झाला १३ सेंटिमीटर, म्हणजे पाच इंच. मूठ कोपराच्या थोडी खाली असली की कोळपं अंगाच्या भाराने पुढे जातं. मूठ कोपराच्या वर गेली की खांदे उचलून ढकलावं लागतं, आणि भार न लागता खांदेच कामाला लागतात. एक-दोन ओळींना काही वाटत नाही. दिवसभर कोळपून रात्री हात वर करून वेणी घालता येत नाही, ही तक्रार मी लहानपणापासून ऐकली होती. ती वयाची असेल असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

आता नळी वाकवणं म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या क्षेत्रातले लेख इथेच घाईत असतात. 'स्थानिक कारागीर नळी वाकवतो' असं एक वाक्य लिहायचं आणि पुढच्या सिद्धांताकडे पळायचं.

२५ मिलिमीटर व्यासाची नळी घ्या आणि ती ७५ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणात वाकवा. मधली रेघ होती तेवढीच राहिली असं धरलं, तर बाहेरची बाजू सुमारे १७ टक्के ताणली जाते आणि आतली तेवढीच आवळली जाते. १.६ मिलिमीटरचा पत्रा, दुकानाच्या भाषेत सोळा गेज, बाहेरून ताणून १.४ च्या आसपास येतो. आतल्या बाजूच्या पत्र्याला जायला जागा नसते, म्हणून त्याला सुरकुत्या पडतात. आणि नळी गोल राहत नाही, चपटी होते. चपटी नळी त्या दिशेला कमजोर, त्यामुळे पुढच्या हंगामात ती तिथेच मोडते.

यावर जुना उपाय वाळूचा. वाळू चाळायची, तव्यावर भाजून अगदी कोरडी करायची, नळीत ठोकून ठोकून भरायची आणि दोन्ही टोकांना लाकडी बूच मारायचं. मग वळणाची जागा भट्टीत लाल करून खुंट्यांच्या मधे धरून वाकवायची. आत वाळू गच्च असल्याने नळीला चपटं व्हायला जागा मिळत नाही. वाळू ओली राहिली तर तापल्यावर तिची वाफ होते आणि बूच गोळीसारखं सुटतं. म्हणून भाजणं हा सोपस्कार नाही, त्यावर डोळा अवलंबून असतो. नळीला लांबीभर जोडाची एक रेघ असते, कारण पट्टी गोल करून ती जुळवलेली असते. ती रेघ वळणाच्या बाहेर ठेवली तर ताणली जाऊन उकलू शकते, आत ठेवली तर आवळली जाते. ती बाजूला घ्यायची, जिथे ताणही नाही आणि दाबही नाही. चाचांनी नळी हातात फिरवली, रेघ बोटाने शोधली आणि खडूने खूण केली. 'न्यूट्रल ॲक्सिस' हा शब्द माझ्या वहीत होता, रेघ त्यांच्या बोटाखाली. आणखी एक: थंड नळी वाकवून सोडली की थोडी परत उघडते. म्हणून हवा त्यापेक्षा दोन-चार अंश जास्त वाकवायची. किती जास्त, ते नळीवर असतं. एकाच गाडीतून आलेल्या दोन नळ्याही सारख्या परतत नाहीत.

मी चाचांची आरती ओवाळते आहे असं समजू नका. घाईच्या दिवसांत त्याच दुकानात तिसरीच पद्धत चालते: नळीला कटरने काप मारायचा, कापाशी मुडपायची आणि वरून वेल्डिंगने भरायचं. स्वस्त आणि झटपट. आमचा दांडा चिरला होता तो असल्याच जोडाच्या कडेला. जस्ताच्या मुलाम्याची पाण्याची नळी वेल्डिंगला घेतली की पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, आणि ते दुकानात सगळ्यांना माहीत असूनही मुलामा घासून काढायला वेळ कुणाला असतो? शिवाय आता दुकानात हायड्रॉलिक बेंडर आहे. वाळूची भट्टी पेटते ती क्वचित, जाड नळीला. हाताचं ते थोर आणि मशीनचं ते वाईट, असं लिहिणाऱ्यांत मला जायचं नाही. बेंडरच्या डायमुळे वळणाची त्रिज्या ठरून जाते, हे खरं. पण वळण कुठे घ्यायचं आणि किती अंशाचं, ते मशीन ठरवत नाही. 'ढकलणार कोण?' हा प्रश्न बेंडरपुढेही विचारता येतो, आणि चाचा तो विचारतात.

तर आता पुस्तकाकडे. बायकरवर हल्ला करणारी मी पहिली नाही. लँग्डन विनर याने १९९३ मध्येच विचारलं होतं की, संबंधित गट मोजताना जे टेबलावर आलेच नाहीत त्यांचं काय? आणि वस्तू ठरल्यावर माणसांच्या आयुष्याचं काय झालं, हे तुम्ही बघणार की नाही? मायची वेणी हा विनरचा प्रश्न आहे. त्याचा निबंध मी पहिल्या वर्षाला वाचला, खुणा करून वाचला, आणि तरी आराखड्यात 'शेतकरी (अल्पभूधारक)' लिहिलं. तेव्हा दोष फक्त बायकरचा नाही.

खुद्द पिंचने १९९६ मध्ये रोनाल्ड क्लाइन याच्याबरोबर एक सुंदर निबंध लिहिला. अमेरिकेतल्या खेड्यांत शेतकऱ्यांनी फोर्डची मोटार घेतली आणि मागचं चाक जॅकवर उचलून त्यावर पट्टा चढवून यंत्रं चालवली. मिटलेला वाद वापरणाऱ्यांनी पुन्हा उघडला, असं त्यांनी कबूल केलं. सायकल कोळप्याची गोष्ट ऐकून माझ्या विभागातला कुणीही म्हणेल की, हे तर क्लाइन आणि पिंच, यात नवं काय?

नवं आहे ते दुकान. त्या निबंधाचा भर वापरणाऱ्यावर आहे. शीर्षकातच तो शब्द आहे. बायकरच्या गोष्टीत एका बाजूला बनवणारे आहेत, दुसऱ्या बाजूला वापरणारे आणि मधे बाजार. कंधारच्या दुकानात बनवणारा वापरणारीला समोर उभी करतो, तिच्या कोपराशी टेप धरतो आणि मग नळी वाकवतो. तिथे कुठल्या गटांची वाटाघाट होत नाही, कुणाचं एकमत होत नाही, वाद मिटतही नाही. तो एका बाईपुरता, एका हंगामापुरता सुटतो, आणि पुढची बाई आली की नव्याने सुरू होतो. वस्तूचा आकार स्थिर होतो तेव्हा ती यशस्वी, असं सिद्धांताचं गृहीत आहे. इथे आकार स्थिर न होणं हेच यश आहे. हे सांगायला सिद्धांतात शब्द नाही. तो मी प्रबंधात शोधते आहे, अजून सापडलेला नाही.

आणि ही फक्त शब्दांची मारामारी नाही. मागच्या हंगामात गावात तयार कोळपी आली. रंग छान, वेल्डिंग साफ, वळणाला एक सुरकुती नाही. चाचांच्या कामापेक्षा दिसायला कितीतरी सरस, आणि पैसेही कमी. दांडा एकाच मापाचा. मी टेप लावून बघितला, मूठ ४० इंचांवर, म्हणजे जवळजवळ १०२ सेंटिमीटर. १६८ च्या पुरुषाला अगदी बरोबर. बायकरच्या भाषेत सांगायचं तर सायकल कोळप्याचा वाद आता मिटायला लागला आहे. माझ्या गल्लीत तीन घरांनी ती घेतली. तिन्ही घरांत ढकलणाऱ्या बायका आहेत, आणि तिघींत उंच कुणीच नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतातल्या बायकांच्या श्रमावर गृहविज्ञानाच्या अंगाने कामं झाली आहेत. तरी ते ज्ञान या दांड्यापर्यंत आलेलं नाही, आणि चाचांचं ज्ञान तर मोजायच्या यादीतच नाही.

त्या दिवशी मी मायला घेऊन दुकानात गेले. ती आधी लाजली, मग म्हणाली, 'नवा दांडा कशाला, उगं खर्च.' चाचांनी तिला सरळ उभं राहायला सांगितलं, चपला काढायला लावल्या, कारण शेतात ती अनवाणी असते. हे मला सुचलं नसतं. मूठ ३४ इंचांवर ठरली. जुन्या दांड्यापेक्षा सहा इंच खाली.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे आहेत. गावाचं नाव, पुढे माप. कुरुळा ३६, फुलवळ ३३॥, बारूळ ३८, पेठवडज ३५. माणसांची नावं नाहीत, कारण चाचांना ती लागत नाहीत, चेहरा आठवतो. पावसाळ्यात ओल आली की खालच्या ओळी पुसतात. मी त्या भिंतीचे फोटो काढले आहेत आणि सध्या त्यांची यादी करते आहे: १९ मापं, त्यातली १४ चाळीस इंचांच्या खालची. कोणतं माप कुणाचं, हे विचारायला पुढच्या आठवड्यात जायचं आहे.